बाटली मागवण्याआधी कपाटातलं मोहर सॉल्ट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ‘हवा लागताच आपोआप पेटणारं ऑरगॅनोमेटॅलिक संयुग’ दाखवायचं आहे. ऑरगॅनोमेटॅलिक म्हणजे धातू आणि कार्बन यांचा थेट बंध असलेलं. डायएथिल झिंक किंवा टर्शरी ब्युटिल लिथियम, जे मिळेल ते. बाटली पुण्याहून आणायची, प्रयोग मैदानावर करायचा, बघणारे साधारण दीडशे. किती घ्यावं, कशात ओतावं आणि विझवावं कसं, असं विचारलं आहे.

सरळ उत्तर आधी देतो. हा प्रयोग मैदानावर करू नका आणि त्यासाठी बाटलीही मागवू नका. पण विषय सोडू नका. हवेशी गाठ पडली की पेट घेणारा पदार्थ बारावीच्या मुलांनी डोळ्यांनी बघायलाच हवा, आणि तो बनवायचं सामान तुमच्या लॅबच्या कपाटात आत्ता पडून आहे. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) आणि ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजे परमँगनेटच्या टायट्रेशनला लागणारी दोन्ही रसायनं. त्यांच्यापासून जे तयार होतं ते ऑरगॅनोमेटॅलिक नाही, अतिशय बारीक लोखंड आहे. हा फरक मुलांपासून लपवायचा नाही. उलट सगळा तास त्या फरकावरच उभा करायचा आहे.

बाटली का नको ते आधी सांगतो, कारण ‘धोकादायक आहे’ एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, होऊही नये.

टर्शरी ब्युटिल लिथियम बाजारात मिळतं ते पेंटेनमधलं, बहुतेक वेळा १.७ मोलर. पेंटेन ३६ अंशांना उकळतं. सांगलीत उन्हाळ्यात दुपारचं तापमान चाळिशीला टेकतं आणि फेब्रुवारीच्या शेवटीसुद्धा उन्हात ठेवलेली बाटली ३६ अंश सहज ओलांडते. मग बाटलीत दाब तयार होतो, आणि रबरी पटलातून सुई आत गेली की द्रव स्वतःहून सिरिंजमध्ये चढायला लागतो. दट्ट्या तुम्ही ओढत नसता, तो आपोआप मागे सरकत असतो. इथेच हात गडबडतो. २९ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत हेच रसायन ६० मिलिच्या प्लॅस्टिक सिरिंजने काढताना दट्ट्या निघून आला. काम करणाऱ्या तरुणीच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती दगावली. ती प्रयोगशाळा संशोधनाची होती, आणि ती मुलगी रसायनशास्त्राची पदवीधर होती. हे वाचूनही मैदानावर दीडशे मुलांसमोर बाटली उघडायची असेल, तर ते धाडस मुलांच्या जिवावर होईल.

मैदानावर वारा असतो, आणि त्याची दिशा तुमच्या हातात नसते. शिवाय या बाटल्यांची वाहतूक हवेत पेटणारे आणि पाण्याशी जोरात क्रिया करणारे पदार्थ म्हणून वेगळ्या नियमांखाली होते. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला यूएन ३३९४ हा क्रमांक त्यांच्यासाठीच आहे. एसटीच्या डिकीत किंवा कुणाच्या गाडीत मागच्या सीटखाली ठेवून ती आणायची वस्तू नव्हे. आणि आणलीच, तर दाखवायला लागणार अर्धा मिलि आणि उरणार निदान नव्याण्णव. त्या नव्याण्णवचं काय करायचं, याचं उत्तर बहुतेक महाविद्यालयांकडे नसतं. ती बाटली वर्षानुवर्षं कपाटात राहते, सुईची भोकं पडलेल्या पटलातून हवा घेत राहते, आतून पांढरा थर धरते, आणि एक दिवस कपाट आवरणाऱ्या परिचराच्या हाती लागते.

आता ही संयुगं का पेटतात, हे नीट समजून घेऊ. मुलं हे विचारणारच.

एडवर्ड फ्रँकलंडने १८४९च्या सुमारास जर्मनीत मारबर्ग इथे जस्त आणि एथिल आयोडाइड बंद नळीत तापवलं. त्याला एथिल हा मुक्त गट वेगळा काढायचा होता. हाती आलं डायएथिल झिंक, हवेत पेटणारा बिनरंगी द्रव. त्याच्या रेणूत जस्ताच्या दोन बाजूंना दोन एथिल गट एका सरळ रेषेत असतात. जस्ताभोवती बंधांचे इलेक्ट्रॉन फक्त चार, बाकी जागा रिकामी. त्यात जस्त–कार्बन बंधामधले इलेक्ट्रॉन कार्बनकडे ओढलेले. ऑक्सिजनला आत शिरायला वाट मोकळी असते. तो बंधात घुसतो, पेरॉक्साइडसारखी मधली संयुगं बनतात, ती लगेच मोडतात आणि जस्त–ऑक्सिजनचा पक्का बंध तयार होताना भरपूर उष्णता बाहेर पडते. द्रवाचा थेंब तापतो, वाफ होते, वाफ पेटते. एका रेणूला सात ऑक्सिजन रेणू लागतात आणि शेवटी झिंक ऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. पांढरा दाट धूर दिसतो तो झिंक ऑक्साइडचा. पाणी मिळालं तर झिंक हायड्रॉक्साइड आणि इथेन. इथेन पेटतो, म्हणून पाण्यानं विझवायला जाणं म्हणजे आगीला इंधन पुरवणं.

पायरोफोरिक, म्हणजे हवेत आपोआप पेटणारा, या शब्दाची मोजमापाची व्याख्याही मुलांना द्या: द्रव हवेत आल्यावर पाच मिनिटांत पेटला, किंवा गाळणकागदावर टाकल्यावर त्यानं पाच मिनिटांत कागद पेटवला वा काळा केला, तर तो पायरोफोरिक. म्हणजे प्रत्येक वेळी भडका उडतोच असं नाही. हेक्झेनमधलं १.६ मोलर साधं ब्युटिल लिथियम कोरड्या हवेत पुष्कळदा नुसतं धूर सोडतं. ‘पेटत नाही’ म्हणून माणूस आणखी ओततो, आणि मग ते पेटतं.

आता लोखंडाचा प्रयोग. हा नीट वाचा, कारण तो सोपा असला तरी निष्काळजीपणे केला तर फसतो.

आधी पिवळं फेरस ऑक्झॅलेट बनवायचं. बीएस्सीला पोटॅशियम ट्रायऑक्झॅलेटोफेरेट बनवलेल्यांना ही त्याची पहिली पायरी म्हणून ओळखीची वाटेल. पाच नळ्यांसाठी २५ ग्रॅम मोहर सॉल्ट घ्या. ७५ मिलि गरम ऊर्ध्वपातित पाण्यात २० थेंब विरल सल्फ्युरिक ॲसिड घालून त्यात ते विरघळवा. ॲसिड विसरलात तर फेरसचं फेरिक होऊन द्रावण तपकिरी, गढूळ होतं. रंग फिकट हिरवाच राहिला पाहिजे. दुसऱ्या चंचुपात्रात १२.५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड १२५ मिलि कोमट पाण्यात. हे ढवळत ढवळत पहिल्यात ओता. लगेच हळदीच्या पाण्यासारखा पिवळा गढूळपणा येतो. आता मंद आचेवर उकळी येईपर्यंत तापवा आणि काचकांडी एक क्षणही थांबवू नका. साका तळाशी बसला की खालून वाफेचा दणका बसतो आणि गरम ऑक्झॅलेट टेबलभर उडतं. उकळी आणण्याचं कारण असं की थंड द्रावणातला साका इतका बारीक असतो की गाळणकागदातून निसटतो. उकळीनंतर कण थोडे वाढतात आणि दहा मिनिटांत तळाशी बसतात.

वरचं पाणी अलगद ओतून टाका. गरम पाण्यानं तीन-चारदा धुवा. धुतलेल्या पाण्याचे चार थेंब बेरियम क्लोराइडमध्ये टाकून बघा, पांढरं झालं तर सल्फेट अजून आहे, पुन्हा धुवा. हे धुणं बहुतेक जण उरकून टाकतात आणि नंतर नळी पेटत नाही म्हणून रसायनाला दोष देतात. राहिलेलं अमोनियम सल्फेट तापल्यावर धूर सोडतं, नळीच्या तोंडाशी पांढरी पुटं बसवतं आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटवतं. शेवटी गाळून थोड्या ॲसिटोननं धुवा आणि ओव्हनमध्ये ऐंशी-नव्वद अंशांना सुकवा. हिशेबानं साडेअकरा ग्रॅम यायला हवं, दहा ग्रॅम हाती लागलं तरी पुरे. फेरस ऑक्झॅलेट विषारी आहे, हात धुवायचे आणि लॅबमध्ये चहा आणायचा नाही.

ही पावडर आठवडाभर आधी करून ठेवता येते. पुढची पायरी मात्र त्याच दिवशी.

बोरोसिलिकेटची, १८ बाय १५० मिलिमीटरची जाड परीक्षानळी घ्या. साधी सोडा काच इथे चालत नाही, मऊ पडते. आत दोन ग्रॅम कोरडं ऑक्झॅलेट. नळी पाचव्या भागापेक्षा जास्त भरू नका. तोंडाशी ग्लास वूलचा सैल बोळा बसवा, कारण वायू सुटताना बारीक भुकटी उडून बाहेर येते. स्टँडला आडवी लावा, तोंड किंचित खाली. हा उतार विसरू नका. ऑक्झॅलेटमधलं पाणी आधी सुटतं आणि थंड तोंडाशी थेंब धरतात. तोंड वर असेल तर ते थेंब मागे घरंगळून तापलेल्या काचेवर पडतात आणि नळीला तडा जातो.

बर्नर हातात धरून फिरवत तापवा, तोंडाकडून बुडाकडे. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं पाणी निघतं, ते कागदाच्या गुंडाळीनं टिपून घ्या. मग रंग बदलायला लागतो: पिवळ्याचा मातकट, मातकटाचा तपकिरी, शेवटी काळाकुट्ट. याच वेळी आतली भुकटी पातळ झाल्यासारखी हलते, आधणाच्या पाण्यासारखी रटरटते. ती वितळलेली नसते. कणाकणांतून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड निघत असतात आणि त्यांच्यावर भुकटी तरंगत असते. मुलांना जवळून दाखवण्यासारखं हे दृश्य आहे, पण काचेआडून आणि चष्मा लावून. नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली तर निळसर ज्योत लागते, तो कार्बन मोनॉक्साइड. ज्योत धरेनाशी झाली आणि रटरट थांबली की विघटन संपलं. एका नळीतून साधारण पाव लिटर कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून हे काम फ्यूम कपबोर्डमध्येच (वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या काचेच्या कपाटात), पंखा चालू ठेवून, एका वेळी एकच नळी. वीज गेली तर बर्नर बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या.

आठ-दहा मिनिटांत काम होतं. लाल होईपर्यंत तापवत बसू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. काळी भुकटी म्हणजे लोखंड, फेरस ऑक्साइड आणि मॅग्नेटाइट यांचं मिश्रण असतं, आणि तिचा सगळा गुण तिच्या बारीकपणात असतो. जास्त आच लागली की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि गुण जातो. सांगलीच्या मुलांना हे हळकुंडावरून सांगता येईल. अख्खं हळकुंड काडीनं पेटवता येत नाही, पण हळदपूड ज्योतीवर फुंकली तर भस्सकन जळते. (ते करून दाखवायचं नाही, सांगायचं.) आकडा हवा असेल तर: एक सेंटिमीटरच्या लोखंडी ठोकळ्याला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचे एक मायक्रोमीटरचे ठोकळे केले तर तोच पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो, दहा हजार पट. ऑक्सिजनशी क्रिया पृष्ठभागावर होते, उष्णता तिथेच सुटते, आणि कण इतका लहान असतो की ती साठवून ठेवायला त्याच्यात पोटच नसतं. तो क्षणात तापून लाल होतो.

बर्नर काढल्यावर लगेच बूच मारू नका. अजून वायू निघत असेल तर बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडेल. तीस सेकंद थांबा, मग बोळा चिमट्यानं काढून ताबडतोब रबरी बूच घट्ट लावा. बुचाला ग्लिसरिनचं बोट फिरवा, कारण गार झाल्यावर आत निर्वात होतो आणि कोरडं बूच काचेला चिकटून बसतं. मग नळी पूर्ण गार होऊ द्या. वीस मिनिटं तर लागतातच, जमलं तर अर्धा तास ठेवा.

ही वाट बघणं अनेकांना नकोसं होतं, पण प्रयोगाचं मर्म त्यातच आहे. गरम नळीतून भुकटी ओतली तर ठिणग्या जास्त दिसतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा चौकस मुलगा म्हणतो, ‘सर, ती आधीच तापलेली होती.’ त्याचं बरोबरच असतं. म्हणून नळी गार झाल्यावर त्याच मुलाला पुढे बोलवा आणि बाहेरून हात लावायला सांगा. काच गार आहे हे त्यानं सगळ्यांना सांगायचं. मगच पुढे जायचं.

खोली अंधारी करा, पूर्ण काळोख नको. वरचे पंखे बंद. जमिनीवर लोखंडी घमेलं, त्यात दोन इंच कोरडी वाळू. नदीची वाळू वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरते, म्हणून ती कढईत भाजून घ्या, चुरमुऱ्याच्या भट्टीवर भाजतात तशी. मुलं निदान तीन मीटर लांब, सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मा शक्य नसेल तर पहिल्या दोन रांगांना तरी. दाखवणाऱ्याच्या अंगात सुती लॅब कोट, ओढणी किंवा पदर आत खोचलेला, केस बांधलेले. बूच काढा, नळी घमेल्यापासून चार-पाच फुटांवर तिरपी धरा आणि तर्जनीनं टिचकी मारत चिमूट चिमूट सोडा. काळी भुकटी नळीच्या काठावरून सुटते तेव्हा काळीच असते. वीतभर खाली आली की नारिंगी होते आणि घमेल्यात पडेपर्यंत ठिणग्यांचा पडदा दिसतो. दोन ग्रॅममधून पाऊण ग्रॅमच्या आसपासच भुकटी उरते, म्हणून एकदम ओतून टाकू नका. एकदम ओतली तर मधल्या कणांना हवाच मिळत नाही आणि गोळा तसाच काळा पडतो, वाळूत जाऊन सावकाश धुमसतो. घमेल्यातली राख सुरुवातीला गरम असते, तिला अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. पाणी शिंपडून मग ती बाहेर काढायची. रंग बघा, काळ्याचा विटकरी झालेला असतो, सांगलीच्या काळ्या मातीवर विटेचा चुरा पडल्यासारखा.

पेटलं नाही तर काय? भुकटीचा रंग तपासा. नळीत कुठे पिवळट-तपकिरी पट्टा दिसत असेल तर विघटन अर्धवट राहिलं. भुकटी काळी आहे, पण खडबडीत आणि चमकदार आहे, तर आच जास्त झाली. भुकटी विटकरी झाली असेल तर बुचातून हवा गेली आणि लोखंड आतल्या आत हळूहळू गंजून गेलं. या शेवटच्या कारणानंच आदल्या दिवशी बनवून ठेवलेल्या नळ्या फसतात. ग्लास वूलचा तुकडा आत राहून भुकटी अडकली, असंही होतं. अशा वेळी नळी हलवत बसू नका, कारण आत गेलेल्या हवेनं ती हातातच तापते. घमेल्यात टाका आणि पुढची नळी घ्या. म्हणूनच पाच गटांसाठी सहा नळ्या आणि त्या प्रमाणात जास्त ऑक्झॅलेट करून ठेवलेलं बरं.

शिसं वापरून हाच प्रयोग लेड टार्टरेटपासून जुन्या पद्धतीनं केला जातो. तो करू नका. ठिणगीबरोबर शिशाचे ऑक्साइड मुलांच्या नाकात जातात, आणि लोखंड उपलब्ध असताना त्याची गरजच नाही.

आता ज्यासाठी ‘ऑरगॅनोमेटॅलिक’ हा शब्द तुम्ही घेतला होता, तिकडे येऊ. ठिणग्या दाखवून झाल्यावर त्याच टेबलवर फेरोसीन ठेवा. ते रसायन पुरवठादारांकडे सहज मिळतं आणि पोस्टानं येणाऱ्या साध्या पुड्यांइतकंच शांत असतं. फेरोसीनमध्ये लोखंड आणि कार्बन यांचा खराखुरा बंध आहे, लोखंडाचा अणू दोन पाच-कार्बनी कड्यांच्या मधे बसलेला. १९५१ साली ते पहिल्यांदा जगापुढे आलं आणि या शाखेला नवं वळण मिळालं. ०.२ ग्रॅम फेरोसीन पेट्री डिशमध्ये ठेवून वर काचेचं नरसाळं उलटं ठेवा, नरसाळ्याच्या देठात कापसाचा सैल बोळा. हॉट प्लेटवर शंभर-एकशेवीस अंशांना दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की संप्लवन होऊन, म्हणजे न वितळता थेट वाफ होऊन, नरसाळ्याच्या आत केशरी सुया धरतात. ज्योत जवळ आणायची नाही, फक्त गरम करायचं. उघड्या हवेत, शंभर अंशांच्या वर, तरी पेटत नाही. कारण त्याच्या लोखंडाभोवती अठरा इलेक्ट्रॉन पूर्ण भरलेले आहेत आणि दोन्ही कड्यांनी त्याला झाकून घेतलं आहे. ऑक्सिजनला आत जायला जागाच नाही.

हे दोन प्रयोग शेजारी शेजारी दाखवले की मुलांच्या डोक्यात जे पक्कं बसतं ते डायएथिल झिंकच्या भडक्यानं कधीच बसणार नाही. लोखंड–कार्बन बंध असलेलं ऑरगॅनोमेटॅलिक गप्प बसलं आणि ऑरगॅनोमेटॅलिक नसलेलं लोखंड पेटलं. म्हणजे पेटणं हा त्या नावाचा गुण नव्हे. रिकामी जागा, उघडा पृष्ठभाग आणि उष्णता निघून जायला मिळालेला वेळ, यांवर ते ठरतं. मग मुलांना विचारा, ग्रिग्नार्ड अभिकर्मक, म्हणजे मॅग्नेशियम–कार्बन बंध असलेलं संयुग, ईथरमध्ये का टिकतो? ईथरचे ऑक्सिजन मॅग्नेशियमची रिकामी जागा धरून बसतात, म्हणून. व्हिक्टर ग्रिग्नार्डनं १९०० साली हा अभिकर्मक दिला आणि जस्ताची पेटणारी अल्किलं हाताळण्याचा त्रास रसायनशास्त्रज्ञांचा बराच कमी झाला. ट्रायएथिल ॲल्युमिनियमही सांगा. ते हवेत पेटतं, पण बंद यंत्रणेत तेच प्लॅस्टिक बनवणाऱ्या झिग्लर–नट्टा उत्प्रेरकाचा भाग आहे. झिग्लर आणि नट्टा यांना १९६३ साली नोबेल मिळालं. खताचं विणलेलं पोतं, पॉलिप्रॉपिलिनची खुर्ची, बादली यांच्यामागे ही रसायनं आहेत.

काही पदव्युत्तर विभागांकडे आर्गॉन या निष्क्रिय वायूची लाइन, चालू स्थितीतला फ्यूम कपबोर्ड आणि ही द्रव्यं रोज वापरणारा माणूस असतो. त्यांनी खरा थेंब दाखवायला हरकत नाही, पण मुलांसमोर नव्हे, कपबोर्डच्या काचेआड कॅमेरा लावून पडद्यावर. टर्शरी ब्युटिल लिथियमचे ०.२ मिलि पुरतात. सिरिंज काचेची, एक मिलिची, सुई फिरवून घट्ट बसणारी. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या पेंटेननं फुगतो, आधी अडकतो आणि जोर लावला की सुटतो. सिरिंज कधीही साठ टक्क्यांहून जास्त भरायची नाही. बाटली क्लॅम्पनं धरलेली, आर्गॉनच्या हलक्या दाबाखाली, बबलरला जोडलेली. द्रव ओढल्यावर सुईचं टोक द्रवाच्या वर आणून थोडा आर्गॉन सुईत ओढून घ्यायचा आणि मगच बाहेर काढायची. हे केलं नाही की सुईच्या टोकावर थेंब राहतो आणि पटलातून बाहेर येताच टोकावर मेणबत्तीएवढी ज्योत लागते. नवखा माणूस ती बघून हात झटकतो आणि खरा अपघात तिथून सुरू होतो. थेंब पोर्सिलेनच्या बशीतल्या भाजलेल्या वाळूवर सोडायचा. ज्योतीच्या कडेला लिथियमचा किरमिजी रंग दिसतो. सिरिंज लगेच कोरड्या हेक्झेननं धुवायची, ते धुवण आर्गॉनखाली बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रात आणि त्यावर थेंब थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, बुडबुडे थांबले की मिथेनॉल, सगळ्यात शेवटी पाणी. क्रम उलटा झाला तर चंचुपात्रच पेटतं. मिरज-कुपवाडकडे वेल्डिंगला वापरतात तो आर्गॉन या कामाला चालतो, पण नळी जोडण्याआधी सिलिंडरवरचं लेबल वाचून घ्या. त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेलाही मिळतो आणि तो इथे चालत नाही.

विझवायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अशा आगीवर कोरडी वाळू किंवा ड्राय केमिकल पावडर. पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही नाही. ग्रिग्नार्डवर कोरडा बर्फ टाकून कार्बोक्झिलिक आम्ल बनवतात हे बारावीच्या पुस्तकात आहेच, तीच क्रिया इथे आगीच्या आत होते. पण माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर मात्र भरपूर पाणी, जवळच्या शॉवरखाली उभं करून, मागेपुढे न बघता. भाजलेल्या जागेवर निदान वीस मिनिटं नळाचं पाणी सोडायचं, हळद-तूप-टूथपेस्ट काहीही लावायचं नाही, आणि दवाखान्यात नेताना रसायनाचं नाव कागदावर लिहून बरोबर द्यायचं. लोखंडाच्या प्रयोगाला यातलं काही लागण्याची शक्यता कमी, तरी वाळूची एक बादली आणि पाण्याची एक बादली टेबलाच्या दोन टोकांना ठेवा आणि कोणती कशासाठी आहे ते मदतीला उभ्या मुलांना आधी सांगा.

कपाट उघडलंच आहे तर पाणी लागताच पेटणाऱ्या सोडियमची बाटली कुठे आहे तेही बघा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, खालच्या फळीवर, केरोसीन आटत आलेल्या बाटलीत सोडियमचे तुकडे असतील तर ते आजच वरच्या मजल्यावर न्या आणि केरोसीन भरून घ्या. पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

आणि २७ तारखेला एक नळी सरावासाठी करा, ज्यांच्या हातून दुसऱ्या दिवशी दाखवायची आहे त्यांच्याच हातून. मोहर सॉल्ट जुनं, तपकिरी पडलेलं असेल तर ते त्या दिवशी कळेल, आणि नवीन पाकीट आणायला एक दिवस हाताशी राहील.